निळ्या बाहुल्या आणि पळसाचा पुतळा

म्युझियममध्ये शिरल्या शिरल्या आईने बूट काढले. बूट माझेच, जुने, तिला एक नंबर मोठे होणारे. ते तिने जोडीने भिंतीशी ठेवले आणि मोज्यांनीच देवळाकडे चालायला लागली.

देऊळ मात्र खरंच होतं. इजिप्तने हॉलंडला भेट म्हणून दिलेलं, दगड सुटे करून आणलेलं आणि लायडनच्या या म्युझियमच्या पहिल्याच दालनात पुन्हा रचलेलं. मी आईला नुसतं "जुन्या वस्तूंचं म्युझियम" एवढंच सांगितलं होतं. देऊळ दिसल्यावर ती काय करणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण आमच्या बेस्ट गावाहून निघून उट्रेख्तला गाडी बदलून इथवर येईपर्यंत माझं डोकं आधीच उठलं होतं.

"मम्मा, शी कान्ट डू दॅट!" माझी लेक कुजबुजली. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते डच नाहीतर इंग्रजी. सुरक्षारक्षक आईच्या मोज्यांकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून हसले, आणि आईच्या मागे धावले.

"आई, अगं हे तसलं देऊळ नाही!"

"देऊळ ते देऊळ. तसलं नि असलं काय असतं?" तिने दारातून आत डोकावलं. "देव कुठाय?"

"देव नाहीये. रिकामं आहे."

"म्हणजे देव तिकडेच ठेवून आणलं असेल. बरोबरच आहे, देवाला कशाला एवढ्या थंडीत आणायचं." असं म्हणून तिने रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले, एक प्रदक्षिणा घालायला गेली, आणि मागे जाता येतं की नाही ते बघत उभी राहिली. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. बाबा असते तर म्हणाले असते, "दगडाला काय, कुठेही हात जोडा, त्याची ना नाही."

बाबा नव्हते, हाच तर सगळा घोळ होता.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. पक्के बुद्धिवादी, आयुष्यभर. माझे दिवस करायचे नाहीत, देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, असं त्यांनी सगळ्यांना इतक्या वेळा बजावलं होतं की शेजारचे कुत्रेही ते पाठ म्हणतील. तसंच झालं. मी इथून विमान पकडून पुण्याला पोहोचले, तोवर कॉलेजची गाडी येऊन गेली होती. घरात ना पणती, ना अस्थी, ना स्मशानातून परत आलेली माणसं. मी दारात बॅग घेऊन उभी, आणि आई म्हणाली, "चहा टाकू का?" ती तेव्हा रडली नाही. नंतरही नाही.

त्यानंतर धाकट्या काकांनी, म्हणजे बाबांच्या भावाने, टुमणं लावलं. देह मिळाला नाही की पालाशविधी करतात म्हणे. पळसाची पानं आणि दर्भ घेऊन माणसाचा पुतळा करायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे जाणारा मोकळा होतो. काका वाईट नाहीत हो, भावावर जीव होता त्यांचा. "वहिनी, वर्ष व्हायच्या आत करून टाकू. तुम्ही फक्त हो म्हणा," असं ते दर रविवारी फोनवर म्हणत. आणि आई दर रविवारी म्हणे, "बघते हं भाऊजी." तिला मी व्हिसा काढून तीन महिन्यांसाठी बेस्टला आणलं, तर ते टुमणंही व्हॉट्सॲपवर बसून तिच्यासोबत आलं.

मला वाटे, आईला पुतळा हवा आहे आणि ती बाबांच्या शब्दाखातर अडून बसली आहे. कधी वाटे, तिला नको आहे आणि ती काकांना घाबरते आहे. विचारलं तर म्हणायची, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं? मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, पण या प्रश्नावर माझंच डोकं हँग व्हायचं. मी बाबांसारखी नास्तिक आहे असं मी सगळ्यांना सांगते, आणि विमानात धक्के बसले की अथर्वशीर्ष म्हणते. माझ्याकडून कसला आलाय सल्ला!

त्या दिवशी आलो होतो ते लेकीच्या शाळेपायी. तिला वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं होतं, आणि जगातले सगळे विषय सोडून तिने निवडला होता, इजिप्तचे लोक मेल्यावर काय करायचे. मी म्हटलं, "घोडे घे, मांजरं घे!" पण ऐकतंय कोण. आणि आईला घरी एकटं ठेवायचं नव्हतं.

वरच्या मजल्यावर शवपेट्या होत्या. रंगवलेल्या, वर डोळे चितारलेल्या, एकीत एक बसणाऱ्या. आईला त्या आवडल्या. मग पुढच्या काचेत कापडात गुंडाळलेला एक लांबट आकार होता, आणि आई त्याच्याकडे वाकून म्हणाली, "हे काय गं?"

"माणूस आहे."

"म्हणजे मूर्ती?"

"नाही. माणूस. मेलेला. तीन हजार वर्षांपूर्वी."

आई दोन पावलं मागे सरकली. "अगं मेले, आधी सांगायचं नाही? मी हात लावला असता म्हणजे! आता घरी गेल्यावर डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही."

"आई, तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा कसला आलाय विटाळ?"

"मढं ते मढं," ती म्हणाली. पण काचेपासून काही हलली नाही.

लेक मात्र आता फॉर्मात आली. तिने पाठ केलेलं सगळं आजीला सांगायचं होतं. तिचं इंग्रजी, माझं भाषांतर, आणि मध्ये मध्ये आजीचे प्रश्न, असा तो संसार चालला. मेंदू नाकातून आकडी घालून काढायचे आणि फेकून द्यायचे. ("शी!" आई.) यकृत, फुप्फुसं, आतडी वेगळी काढून बरण्यांत भरायचे. हृदय मात्र जिथल्या तिथे ठेवायचे, कारण मेल्यावर देवापुढे तराजू लावतात, एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात एक पीस. हृदय जड निघालं तर शेजारीच एक राक्षसीण बसलेली, ती गट्टम करते. हलकं निघालं तर पुढे जायचं, छान हिरवं शेत असतं.

"आणि हृदय जागेवर नसलं तर?" आईने विचारलं.

मी भाषांतर केलं. लेकीलाही ठाऊक नव्हतं. "का गं?" मी विचारलं.

"ह्यांचं काढलं असेल ना त्या कॉलेजच्या पोरांनी आतापर्यंत," आई म्हणाली. तिची नजर काचेवरच. "शिकायला काढतातच की. कुठल्या तरी बरणीत असेल."

इतके महिने मी समजत होते की तिच्या डोक्यात पिंड आहेत, कावळा आहे, चार लोक काय म्हणतील ते आहे. आणि ती बसल्या बसल्या, भाजी निवडता निवडता, बाबांचं हृदय शोधत होती! मी काही बोलणार, एवढ्यात लेकीने सरळ उत्तर दिलं. आजी, मेडिकलवाले खरंच वजन करतात. त्यांच्याकडे काटा असतो. मी व्हिडिओत पाहिलंय.

मला वाटलं आता आई कोसळणार. मी लेकीकडे डोळे वटारले. आई म्हणाली, "हो का? मग वजन भरलं असेल बरोबर." आणि पुढच्या काचेकडे गेली. मी तिथेच उभी राहिले. हे बरं झालं की वाईट, तेच मला कळेना.

पुढच्या काचेत बाहुल्या होत्या. बोटाएवढ्या, निळ्या, हात छातीवर घेतलेल्या, ओळीने उभ्या. लेकीने सांगितलं की मेलेल्या माणसाबरोबर त्या थडग्यात ठेवायचे. कारण तिकडच्या त्या हिरव्या शेतातही काम असतंच. कालवे खणायचे, वाळू वाहायची, पाणी भरायचं. मला वाटलं, मेल्यावरही कालवे खणायचे म्हणजे हॉलंडच की हे! तर देव मेलेल्याच्या नावाने हाक मारतो, चल, कामाला चल. तेव्हा ही बाहुली त्याच्या जागी उठून म्हणते, मी आले, मी करते. आणि मेलेला माणूस आरामात पडून राहतो.

"त्याच्या नावाने बाहुली जाते?" आईने विचारलं.

"हो."

"आणि देवाला ते चालतं?"

"चालत असणार. म्हणून तर इतक्या केल्यात."

आई बराच वेळ त्या बाहुल्यांपुढे उभी होती. शाळेची एक सहल आली, कलकलाट करून गेली, तरी ही तिथेच. मग ती हसली. ते हसू मी हिवाळ्यापासून पाहिलं नव्हतं, बाबांची फिरकी घेताना हसायची ना, तसलं.

"भाऊजींना पुतळा हवाय," ती म्हणाली. "ह्यांच्या जागी. म्हणजे ही बाहुलीच की. अगं, पण तुझे बाबा कधी कुणाला आपल्या जागी पाठवणारे होते का? रेशनच्या रांगेत मला उभं राहू दिलं नाही त्या माणसाने. बोलावणं आलं, आणि स्वतःच उठून गेले. ते कामावर आहेत."

मी हो म्हटलं. काय म्हणणार! मला ते पटलंही, आणि तेवढ्यातच असंही वाटलं की ही स्वतःची समजूत घालते आहे, आणि मीही तिला घालू देते आहे. बाबांनी दोघींनाही वेड्यात काढलं असतं. मेलेला माणूस कामावर असतो म्हणे! पण देहदान म्हणजे तरी दुसरं काय? मी विचार करत जिना उतरले.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. आईने फोन मागितला आणि काकांना लावला. रविवार नव्हता, म्हणून काका घाबरले. "वहिनी, बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे भाऊजी. तो पुतळा करायचा नाही. माझं ठरलंय."

काका काही तरी बोलत राहिले. तिकडून आवाज चढला, मग उतरला, मग बहुतेक ते रडले. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमचा जीव होता, मला ठाऊक आहे. पण ते गेलेत कुठे, तर कामावर गेलेत, शिकवायला. त्यांच्या नावाने दुसरं काही जाळायचं नाही. वाईट वाटून घेऊ नका." आणि फोन ठेवला.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, "शाब्बास आई! बाबा काय खूश झाले असते." लेकीने आजीला मिठी मारली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, फोन माझ्या हातात दिला, आणि बाकावर बसली.

"ठरवलं खरं," ती म्हणाली. "भाऊजींना सांगून बसले, कामावर आहेत म्हणून. पण कामावर गेलेल्या माणसासाठी रडतात का गं? रडायचं नसतं. वाट बघायची असते." तिने माझ्याकडे पाहिलं. "आता रोज संध्याकाळी मी काय करू?"

मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला. आणि मग आई रडायला लागली, पहिल्यांदाच, भर प्लॅटफॉर्मवर, मोठ्याने, लोक वळून बघत होते तरी. गाडी आली आणि गेली. आम्ही ती सोडून दिली.