अर्ध्या वाडग्याला घेतलेली मर्कादा

तिया जोयाला, म्हणजे जोयामावशीला, आमच्या सालोनिकातल्या ज्यूंच्या गल्लीत दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, तिच्या पोटची सहाच्या सहा पोरं जगली होती. दुसरी, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं तिचा नवरा म्हणायचा. घरात एवढी बडबड असल्यावर मृत्यूचा दूत बिचारा उंबऱ्यावरूनच कान झाकून परत जात असणार.

नवऱ्याची ती थट्टा असली तरी गल्लीने ती खरी धरली. कुणाचं तान्हं आजारी पडलं की जोयाला बोलावणं जायचं. मग ती भाजलेल्या भोपळ्याच्या बिया दाढेखाली फोडत, कमरेवर हात ठेवून, जहाज धक्क्याला लागावं तशी त्या घराच्या खिडकीला लागायची. आई मूल खिडकीतून बाहेर द्यायची आणि जोया ते विकत घ्यायची. दूत यायचा, या घरातलं अमुक नावाचं मूल कुठे म्हणून विचारायचा. अमुक नावाचं मूल इथे नाहीच! जे आहे ते शेजारणीचं आहे, आणि त्याचं नावही दुसरंच आहे. मुलगा असला तर मर्कादो, मुलगी असली तर मर्कादा. म्हणजे विकत घेतलेली. दर गल्लीत एखादी मर्कादा असायचीच.

आपली मर्कादा बंदरावरच्या शबेताई नावाच्या हमालाची मुलगी. तिची आई बोएना. आधीची तीन पोरं चाळीस दिवसांच्या आतच गेलेली. ही चौथी, आणि हिला बारशाच्या आधीच ताप चढला. आईने नाव मनात धरून ठेवलं होतं, पण ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तिने पोर खिडकीतून बाहेर दिली आणि वाकून जोयाच्या कानात ते नाव सांगितलं. आपण काय घेतोय ते घेणाऱ्याला ठाऊक हवं, असा नियम. जोयाने मान हलवली. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून हातातला बियांचा वाडगाच तिने खिडकीत ठेवला. त्यातल्या अर्ध्या बिया वाटेत खाऊन झाल्या होत्या.

"अर्ध्या वाडग्याला घेतली," ती पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगायची, "आणि तरी जास्तच दिले!"

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढचा नियम असा, की मुलीच्या लग्नाच्या सकाळी आईने भरलेला वाडगा घेऊन जायचं, मुलगी परत विकत घ्यायची आणि तिचं खरं नाव सगळ्यांदेखत मोठ्याने घ्यायचं. तोवर मात्र तोंडातून अक्षर काढायचं नाही.

मर्कादा मोठी झाली ती या गमतीतच. इतर मुली देवाला घाबरायच्या, हिचं त्याच्याशी संगनमत होतं. देवाला सगळं ठाऊक असतं, म्हणजे आपलं नावही ठाऊक आहे, आणि तरी तो आपल्या दूताला ते सांगत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. एकच गुपित सांभाळणाऱ्या दोघांचं जसं असतं तशी तिची भक्ती होती. शुक्रवारी आई दिवे लावून डोळे झाकायची तेव्हा ही बोटांच्या फटीतून वर बघून डोळा मारायची.

आईकडून नाव काढून घ्यायचे तिने नाना प्रयत्न केले.

"किती अक्षरांचं आहे, एवढं तरी सांग."

"तुझ्या तोंडात दात आहेत तेवढ्या अक्षरांचं."

"चांगलं आहे का?"

"माझ्या पोटचं आहे. वाईट कसं असेल?"

संध्याकाळ झाली की गल्लीतल्या सगळ्या आया खिडक्यांतून हाका मारायच्या. पालोम्बा! ओरो! रिकेता! दुदून! एकेक पोरगी खेळ टाकून पळायची. बोएनाही हाक मारायची, पण "मर्कादा" म्हणायच्या आधी ती किंचित थांबायची. एका श्वासाएवढीच. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानात यायचं नाही. मर्कादाला मात्र ठाऊक होतं, की त्या थांबण्यात आपलं खरं नाव आहे, आईच्या जिभेवर येऊन परत गेलेलं. पुष्कळदा ती पहिली हाक ऐकूनही जागची हलायची नाही. दुसऱ्यांदा हाक यावी आणि आई पुन्हा थांबावी, एवढ्यासाठी.

मग ते वर्ष आलं, त्रेचाळीस. मर्कादा सोळा वर्षांची होती. जर्मनांच्या हुकमाने कोटांवर पिवळे तारे शिवले गेले, गल्लीच्या तोंडाशी पहारा बसला आणि माणसं भरून आगगाड्या उत्तरेकडे सुटू लागल्या. जोयाच्या नवऱ्याचा आजा इटलीतला, म्हणून त्यांच्याकडे इटालियन कागद होते, आणि ते कागद असलेल्यांना कुणी हात लावत नव्हतं. जोयाने टोपी चढवली आणि ती तडक कचेरीत गेली.

"माझी एक मुलगी कागदावर चढवायची राहिलीय," ती कारकुनाला म्हणाली.

"राहिलीय? सोळा वर्षं?"

"सहा पोरं सांभाळताना सातवी राहते एखादी. तुम्हाला किती आहेत?"

"बाई, जन्माचा दाखला आहे का?"

"जन्माचा कुठला? मी जन्म दिला नाही, विकत घेतलीय. अर्धा वाडगा बिया मोजून!"

कारकून हसला नाही. माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, बियांची पावती आणा. गल्लीत जोया हे सांगताना त्या कारकुनाची नक्कल करायची, आणि त्या दिवसांतही लोक हसायचे. हसून झालं की कुणी कुणाकडे बघायचं नाही.

एप्रिलात शबेताई हमालाचं बिऱ्हाड गाडीत चढवलं: नवरा, बायको, मर्कादा आणि तिच्या पाठचे दोघे. डब्यात उभं राहायलाही जागा नव्हती. चौथ्या की पाचव्या दिवशी, फटीतून उजेड येत होता तेव्हा, मर्कादा आईच्या कानाशी लागली.

"आई, आता सांग."

"लग्नाच्या दिवशी."

"आणि नाहीच झालं तर?"

"आज सांगितलं तर मीच म्हटल्यासारखं होईल, की होणार नाही म्हणून." बोएनाने तिचे केस कानामागे सारले. "सांगीन. हळूच सांगीन, कानात."

उतरल्यावर फलाटावर एका माणसाने बोट हलवलं. आई आणि पाठचे दोघे एका बाजूला गेले, बाप कुठल्या बाजूला गेला ते दिसलंच नाही, आणि मर्कादा दुसऱ्या बाजूला. या सगळ्याला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आईला त्यानंतर कुणी पाहिलं नाही.

छावणीत मर्कादाच्या हातावर आकडा गोंदला. सहा महिने तिने डबक्यांतला चिखल उपसला, आणि या सहा महिन्यांत एकच विचार घोळून घोळून घोटला. दूताला फसवायचं तर आधी त्याने नाव विचारायला हवं. इथे नाव विचारायची पद्धतच नव्हती. बोट हलायचं. मग सोळा वर्षं आई ते नाव दातांखाली धरून बसली ती कुणासाठी? आणि तो दुसरा, ज्याच्याशी आपलं संगनमत होतं, ज्याला सगळ्यांची सगळी नावं ठाऊक होती, तो त्या दिवशी फलाटावर कुठे होता?

उपासाचा मोठा दिवस आला. ज्यांच्या पोटात आधीच काही नव्हतं त्या बायकांनीही उपास धरला. मर्कादाने आपला पाव काढला आणि सगळ्यांसमोर उभी राहून खाल्ला. कचकच आवाज करत. तिला भुकेपेक्षा बघायचं होतं, की काही होतं का. वरून कुणी निदान रागावतं का.

काही झालं नाही. पाव कोंड्याचा होता, तो संपला. तेव्हापासून तिने वर बघून डोळा मारला नाही. भांडण झालेल्या घराकडे माणूस जसा बघत नाही, तशी ती आभाळाकडे बघेनाशी झाली.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यानंतर ती सालोनिकात परतली. पन्नास हजार ज्यूंतले हजार-दोन हजार उरले होते. त्यांच्या घरात दुसरं कुटुंब राहत होतं. त्या घरच्या बाईने दार अर्धंच उघडलं, अर्धाच पेला पाणी दिलं. जुनं कबरस्तान खणून काढलेलं, त्यातला एक दगड कुणाच्या तरी अंगणात पायरी झालेला. मुलींची नावं कुठल्याच वहीत नसायची. मर्कादाने तरी आपलं खरं नाव विचारलं. ज्यांना विचारलं त्यांनी खांदे उडवले.

आणि मग शाळेच्या ज्या इमारतीत परतलेल्यांची सोय केली होती, तिच्या जिन्यावरून आवाज आला: "कुणी चोरल्या माझ्या बिया? ज्याने चोरल्या त्याचे दात पडोत, सगळे पडोत, एक मात्र राहो, दुखायला!"

जोया अथेन्समध्ये लपून जगली होती. नवरा तिथेच गेला, पोरं परमुलखांत पांगली, ही मात्र सालोनिकात परत आली. मर्कादाला बघून ती दहा मिनिटं रडली आणि अकराव्या मिनिटाला म्हणाली, "काय ग ही हाडकं! मी घेतली तेव्हा तुझ्यात यापेक्षा जास्त मांस होतं."

"तिया, माझं नाव सांग."

जोयाने बी फोडली. "नियम काय? लग्नाच्या दिवशी."

"आई नाही आता."

"मग मी आहे. माझाच माल आहेस तू. हक्काने सांगते, नाही सांगणार."

दोन वर्षं हे चाललं. दोघी एकाच खोलीत राहायच्या. जोया शुक्रवारी दिवे लावायची, मर्कादा पाठ करून बसायची. जोया उपास करायची, मर्कादा तिच्यासमोर वांगं भाजून खायची.

"देव नाही म्हणतेस ना?"

"नाही."

"मग दूतही नाही?"

"नाही."

"मग नाव कशाला हवंय ग तुला? मर्कादा काय वाईट आहे?"

मर्कादा वांग्याचं जळकं साल सोलू लागायची. तिला आशीर्वाद नको होता, परलोक नको होता. आईने तिच्यासाठी ठेवलेली एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती या म्हातारीच्या तोंडात, बियांच्या टरफलांबरोबर.

सत्तेचाळीसमध्ये पेपो नावाच्या खुर्च्या विणणाऱ्याने तिला मागणी घातली. त्याच्याही हातावर आकडा होता, तिच्याहून मोठा, म्हणजे तिच्यानंतर गोंदलेला. "मी धाकटा," तो म्हणायचा, "मला सांभाळून घे." तेव्हा लग्नं घाऊक लागायची. त्या रविवारी पाच जोडपी उभी राहणार होती. प्रार्थनामंदिरात जायला मर्कादा का कबूल झाली, ते पेपोला वाटलं प्रेमाने. प्रेम होतंच, पण जोयाला खरं कारण ठाऊक होतं.

लग्नाच्या सकाळी मर्कादा वाडगा घेऊन आली. काठोकाठ भरलेला, ताज्या बियांचा.

"घे. परत घेतेय मी मला."

जोया नवा झगा घालून पलंगावर बसली होती. तिने वाडग्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिने समोरच्या बियांना हात लावला नाही.

"बस, पोरी."

"उशीर होतोय. नाव सांग."

"तू रडत होतीस," जोया म्हणाली. "खिडकीत. तान्हं पोर एवढं कसं रडू शकतं, बाई! बोएना कानाशी लागली, तिचे ओठ हललेले मला कळले, आणि मी मान हलवली. मला काहीच ऐकू आलं नाही."

मर्कादा उभीच होती.

"परत विचारायचं नाही असा नियम. दुसऱ्यांदा उच्चारलं की दूत ऐकतो. आणि म्हटलं, कशाला विचारायचं? लग्नात बोएना असेलच सांगायला." जोयाने नाक पुसलं. "ती नसेल, असं कुणाला वाटलं होतं?"

"दोन वर्षं तू मला..."

"दोन वर्षं तू माझ्याशी भांडत होतीस. जेवत होतीस, भांडत होतीस. नाव माझ्याकडे नाहीच म्हणून सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

खाली अंगणात पेपो कुणाला तरी टाय बांधता येतो का विचारत होता.

"म्हणजे आता कुणालाच माहीत नाही," मर्कादा म्हणाली.

जोयाचा अंगठा सवयीने वर, देवाकडे गेला, आणि तिने तो घाईघाईने खाली घेतला. पण मर्कादाची नजर त्याच्याबरोबर वर गेली होती. पोपडे सुटलेलं छत होतं. चार वर्षांत ती पहिल्यांदाच तिकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. हरवलेल्या किल्लीची दुसरी प्रत ज्याच्याकडे आहे, आणि ज्याच्याशी आपलं बोलणं तुटलंय, त्याच्या दाराकडे बघावं, तसं होतं ते.

मग तिने वाडगा उचलला आणि ती खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसली.

"खाली जा. अंगणात उभी राहा आणि हाका मार."

"कुणाला?"

"सगळी नावं घे. आईच्या आवाजात. माझं आलं तर मला कळेल."

नवा झगा सावरत जोया दोन मजले उतरली. पेपो म्हणाला, तिया, गाडी आलीय. "गाडीला सांग, नवरीचं नाव शोधतोय," असं म्हणून तिने त्याला बाजूला सारलं, आणि मान वर करून, संध्याकाळी आया मारायच्या तशी हाक मारली.

"पालोम्बा!"

मर्कादा बिया फोडत होती.

"ओरो! रिकेता! दुदून!"

समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. अंगणातली माणसं गप्प झाली. त्यांतल्या कुणाची बहीण ओरो होती, कुणाची मुलगी रिकेता.

"एस्त्रेया! सुन्हुला! ग्रासिया! बिएनवेनिदा!"

प्रत्येक नावाला मर्कादाला वळावंसं वाटत होतं. प्रत्येक नाव चालण्यासारखं होतं, आणि एकही तिचं नव्हतं. त्या सगळ्या त्यांच्या त्यांच्या होत्या, आणि एकही खेळ टाकून पळत येत नव्हती. जोया घेत राहिली, गल्लीतली, पलीकडच्या गल्लीतली, आठवतील तेवढी. शेवटी तिचा दम संपला. भिंतीला हात टेकून ती धापा टाकत राहिली. डोकं रिकामं झालं होतं. उरलं होतं एकच, तेवढं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण श्वास पुरेना म्हणून ती किंचित थांबली.

"...मर्कादा!"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मर्कादा वळली होती, हाकेच्या आधीच. मांडीवरचा वाडगा उपडा होऊन बिया जमिनीवर पसरल्या होत्या, आणि ती खिडकीतून वाकून म्हणत होती, "पुन्हा, तिया. पुन्हा एकदा. तशीच थांबून."