तलंगांना हाताची सवय

पोल्ट्रीच्या शेडांवर मी चौदा वर्षं माल भरला. माल म्हणजे कोंबड्या. बॉयलर पक्षी विक्रीला आले की दारात टेम्पो लागायचा आणि आम्ही सहा-सात जण आत शिरायचो. पाय धरायचे, उलटे करायचे, एका हातात चार, दुसऱ्या हातात चार, आणि पिंजऱ्यात कोंबायचे. त्यातल्या एकाही कोंबडीचं तोंड मला आठवत नाही. बघत बसलं तर टेम्पो भरत नाही.

बायकोच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा ते काम सोडलं आणि गावातच रोजंदारी धरली. साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा खराब झाला होता. नगरला सावेडीतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढं टिकवायचं बघू. गेलेलं परत येणार नाही." मी मान हलवली. गोळ्या घेतल्या, रिक्षानं स्टँडवर आलो, कोल्हारच्या गाडीत तिला खिडकीजवळ बसवलं. ती बाहेर बघत होती की नुसतं तोंड तिकडं होतं, ते मी विचारलं नाही. अशा वेळी माणसाला काहीतरी व्हायला पाहिजे. मला भूक लागली होती, एवढंच.

तिच्या दोन शेळ्या होत्या. त्या तिनं स्वतःच विकायला लावल्या. चार दिवस गेले आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "कोंबड्या आना. बसल्या जागी सांभाळीन. पन हाताला येनाऱ्या पायजेत. पळनाऱ्या मला घावायच्या न्हाईत."

गावात पिल्लं विकणारा टेम्पो येतो, त्याच्याकडून मी बारा तलंगा घेतल्या. अजून अंड्यावर न आलेल्या, कोवळ्या, नुसत्या पायांच्या. घरामागं जाळी मारून खुराडं केलं होतं. सोडल्या तशा त्या पार कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर चढल्या.

दुसऱ्या दिवशी एक धरून बायकोच्या हातात द्यावी म्हणून आत गेलो. हातानं सवयीप्रमाणं काम केलं. तंगडी धरली, उलटी केली. ती अशी ओरडली की बाकीच्या अकरा जाळीवर आपटल्या, पुन्हा कोपऱ्यात ढीग झाला. तो पांगला तेव्हा तळाची एक हलत नव्हती. मी ती उचलून बांधाला पुरून आलो, हातपाय धुतले आणि चहा मागितला. शेडात अशा रोजच मरायच्या.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"एक गेली."

"कशानं?"

"माझ्यानं."

तिनं चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "चर्चमागल्या बाईंना इचारा."

या बाई म्हणजे मला चौथीपर्यंत शिकवलेल्या. आता रिटायर होऊन घरीच असतात. त्यांच्या अंगणात कोंबड्या मांजरासारख्या पायात येतात. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझे हात पुढं करायला लावले आणि बघितले.

"तुझा हात वरून येतो," त्या म्हणाल्या. "वरून घार येते. तू खाली बस. आठ दिवस कुणाला धरूच नकोस."

"मग करू काय?"

"काही नाही. बसायचं. आत जाण्याआधी आवाज द्यायचा, आणि आत बोलत राहायचं. आवाज कळला की माणूस कळतो."

मी घमेलं पालथं घालून खुराड्यात बसू लागलो. सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास आणि आल्यावर अर्धा तास. बसणं जमलं. बोलणं जमेना. कोंबड्यांशी काय बोलायचं? बायकोशीही मी हल्ली गोळी घेतली का, एवढंच बोलत होतो. शेवटी तोंडाला येईल ते सुरू केलं. कोल्हार, गुहा, फॅक्टरी, राहुरी, विद्यापीठ, देहरे, विळद, नगर. दवाखान्याच्या फेऱ्यांनी गाडीचे थांबे पाठ झाले होते. नगरला पोचलो की उलटं म्हणत परत यायचो.

ओट्यावरून बायकोनं विचारलं, "आत कोन हाय?"

"कोनी न्हाई. मीच."

"कंडक्टर झाला व्हय?" ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मला हसू आलं नाही, पण मी पुढचं गाव जरा मोठ्यानं म्हणालो.

तीन दिवस त्या कोपरा सोडेनात. चौथ्या दिवशी माझ्या पायापासून हातभर अंतरावर माती उकरू लागल्या. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणं तळहातावर मक्याचा भरडा घेऊन हात जमिनीला टेकवून ठेवला. मुंग्या यायच्या, हात जड व्हायचा. एक आली, मान लांब केली, पळाली. पुन्हा आली, टोचून पळाली. दोन दिवसांत चार-पाच जणी खाऊ लागल्या. खाताना मी दुसऱ्या हाताचं एक बोट छातीखाली लावायचो. मग दोन बोटं. मग सगळा हात, पण उचलायचं नाही. एक काळसर तलंग मात्र शेवटपर्यंत बिचकायची. तिच्यापायी आणखी आठवडा गेला.

पहिली उचलली तेव्हा बाई जाळीबाहेर उभ्या होत्या. "पंख अंगाला दाबून धर. पाय लोंबू देऊ नकोस, खालून हात दे." मी तसं केलं. ती ओरडली नाही. तिचं काळीज माझ्या बोटांवर भराभर उडत होतं, मग जरा सावकाश उडायला लागलं. चौदा वर्षांत माझ्या हाताला ते कधी लागलं नव्हतं. लागलं असेल तर कळलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "छान." मी "हो" म्हटलं आणि तिला खाली ठेवलं.

दोन-तीन आठवड्यांनी बायकोला आत नेलं. घमेल्यावर बसवलं, मांडीवर पोतं टाकलं आणि तिच्या ओंजळीत भरडा दिला. माझ्यासारखीच तीही आधी बोलली, पण तिला गावं लागली नाहीत. "या गं बाया, या," एवढंच. त्या आल्या. एक मांडीवर चढली. बायकोनं तिला हळूच कवेत घेतलं, मान चाचपली, गळ्याखाली दाण्याची पिशवी दाबून बघितली.

"हिनं खाल्लंय," ती म्हणाली. "हिचा रंग कंचा?"

मला सांगता येईना. महिनाभर मी रोज त्यांच्यात बसत होतो आणि कोणती कोणत्या रंगाची, ते मला बघावं लागलं.

"तांबडी," मी म्हणालो. "मानेवर काळी झाक."

"पाय?"

"पिवळे."

"आन् डोळं?"

मी खाली वाकलो. कोंबडीनं मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. "नारंगी," मी म्हणालो. "मधी काळा ठिपका."

"बरं," ती म्हणाली. तिला सोडून तिनं दुसरीसाठी हात पुढं केला, खालून.

त्या दिवशी अकराही जणींचे रंग मी तिला सांगितले. ती एकेकीला बोटांनी तपासत होती, ही वजनाला जड, हिचा तुरा वाकडा, आणि मी रंग सांगत होतो. मला आनंद झाला का, कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. काळसर तलंग शेवटी आली. तिच्यात हिरवी चमक होती, उन्हात आली की दिसायची. ती कशी सांगावी हे मला सुचेना, म्हणून मी बायकोला म्हणालो, "थांब जरा, नीट बघून सांगतो."