श्रावणातला लसणीचा वास

टेल्युरियमच्या भुकटीची बाटली मास्क लावून, हवा ओढणाऱ्या काचेच्या कपाटातच उघडायची, हे मी अठरा वर्षं नव्या लोकांना बजावत आलोय. त्या सोमवारी मी ती सरळ टेबलावर उघडली. मास्क होता, पण कपाळावर. त्यात शिंकलोही. भुकटी माझ्या आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकारी केतनच्या नाकातोंडात.

आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत उष्णतेपासून वीज करणाऱ्या वड्या बनतात. बिस्मथ आणि टेल्युरियम नळीत बंद करून भट्टीत वितळवायचं. निवल्यावर चिरोट्यासारखे पदर असलेला खडा मिळतो. त्याची वडी एका अंगानं गरम, दुसऱ्या अंगानं गार ठेवली की वीज वाहते. एवढंच. अडचण एकच, टेल्युरियम शरीरात गेलं तर माणसाच्या श्वासाला कित्येक दिवस लसणीचा वास येतो.

आणि घरात श्रावण होता. शिवाय आई होती.

वडील गेल्यावर वर्षभर आईनं कुडाळजवळचं घर एकटीनं सांभाळलं. आषाढात मी तिला कांदिवलीला आणायला गेलो. कुलूप लावल्यावर ती दोनदा परत आत गेली. एकदा गॅस बघायला, एकदा काही न सांगता. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच दारातून निघताना मी तिला "दोन वर्षांनी परत येतंय" म्हणालो होतो.

सोमवारी रात्री जेवायला बसलो आणि आईनं ताटावरून मान वर केली.

"श्रावणात लसूण खाल्लंस?"

मी रसायनशास्त्र सांगितलं. नीलिमाला, म्हणजे बायकोला, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीचा संशय होता. दुसऱ्या दिवशी मी वडीच घरी आणली. खाली उकळत्या पाण्याचं भांडं, वर बर्फाची वाटी. इवलासा दिवा लागला. आई बराच वेळ बघत राहिली.

"दिव्याचा माका पटला," ती म्हणाली. "लसणीचा नाय. माका गावाक सोड."

शेवटी रविवारी केतनला बोलावलं. तो घाटकोपरचा जैन, जन्मात लसूण न खाल्लेला. त्याची वाट माझ्यापेक्षा जास्त लागली होती. घरी त्याचं ताट वेगळं मांडत होते. आईनं त्याला समोर बसवून फुंकर मारायला लावली. तोच वास. मग माझ्याकडे वळली.

"जैनाचो झील लसूण खावचो नाय. म्हणजे तू खरा बोललंस."

डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाचा खरेपणा शेवटी घाटकोपरच्या फुंकरीवर ठरला. पण ठरला. आई उठून आतल्या खोलीत गेली. गावाचं नाव तिनं परत काढलं नाही.

तुम्ही गावी राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे आलेले, तुमचं मला माहीत नाही. माझा गोंधळ कायम आहे. गावी गेलो की "घरी कधी निघालास?" विचारतात. कांदिवलीत रजेनंतर मी "घरी गेलो होतो" म्हणतो. त्या रविवारी मात्र वाटलं, दोन्ही घरं एका छपराखाली आली. नीलिमाला मी तसं म्हटलंही.

ती भांडी पुसत होती.

"अहो, आल्यापासून त्यांनी बॅग रिकामी केलेली नाही. कपाटात एक पातळ ठेवलं नाहीये. जायला एक कारण मिळालं होतं त्यांना. तुम्ही तेही पुराव्यानिशी खोडून काढलंत."