न कोसळलेला उतार

टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाद्यठेल्यांच्या त्या मोठ्या मंडपात, शेजारच्या टेबलावर कुणी आइस कचांगची वाटी आणून ठेवली, की आजही माझा घास थोडा वेळ हातातच राहतो. किसलेल्या बर्फाचा तो लहानसा डोंगर, त्याच्या अंगाखांद्यावरून ओघळणारे लाल-हिरवे पाक. इतरांचे डोळे त्याने निवतात. मी मात्र त्याची कोणती बाजू आधी सुटेल, ते पाहत राहतो.

दोन हजार सालानंतरची ती पहिलीवहिली वर्षं. आम्हाला इथे येऊन फार काळ झाला नव्हता, लेक नुकती शाळेत जाऊ लागली होती. माझी बायको कॉलेजात असल्यापासून डोंगरवेडी. आणि या बेटावर चढायचं तर राहत्या इमारतींचे जिने. त्या एप्रिलमध्ये ती पुण्याच्या जुन्या मित्रांबरोबर हिमाचलातली एक उंच खिंड ओलांडायला निघाली. तिला दोर बांधायला ज्याने शिकवलं, तो त्यांचा म्होरक्या. त्याचे गुडघे झिजत चालले होते, डॉक्टरांनी पुढच्या चढाया बंद करायला सांगितल्या होत्या. ही खिंड त्याची शेवटची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी याच हॉकर सेंटरमध्ये मी विचारलं, "वसंतात तर थंडी कमी. मग धोका कसला?" तिने समोरच्या आइस कचांगकडे बोट दाखवलं. "उन्हाने वितळलेलं पाणी वरून मुरतं, आतले थर सैल होतात. रात्री आभाळ निरभ्र असलं की बर्फ दगडासारखा गोठतो. पहाटे त्यावरून चालायचं आणि ऊन तापायच्या आत उतार सोडायचा." ती बोलत होती तोवर त्या डोंगराची एक बाजू अलगद सुटली आणि वाटीत उतरली. आवाजसुद्धा झाला नाही. ती हसली. मला हसता आलं नाही.

ती गेल्यावर ऊन हा माझा वैरी झाला. इथे बारा महिने तोच उकाडा, पण त्या दिवसांत खिडकीतून ऊन आत आलं की वाटे, तिकडेही हेच तापत असेल. पलीकडच्या गावात उतरल्यावर ती फोन करणार होती. ठरलेला दिवस उलटला. दुसऱ्या दिवशी तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून मी इंटरनेट उघडलं, तर बातमी समोरच: हिमाचलात अवेळी उष्मा, एका खोऱ्यात हिमकडा कोसळून काही गिर्यारोहक अडकले. खोऱ्याचं नाव दिलेलं नव्हतं. पायथ्याच्या गावातल्या लॉजवाल्याला फोन लावला. खरखरीतून एवढंच कळलं, "साहब, ऊपर से कोई नहीं लौटा." घरी आलो तरी हात सारखा मोबाइलकडे जाई. शेवटी लेकच शाळेत शिकलेल्या इथल्या इंग्रजीत वैतागली, "बाबा, जस्ट नाऊ यू चेक्ड ऑलरेडी, लाह!" तिला बातमीतलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या वेण्या घालताना माझे पेड सारखे चुकत होते, आणि ती मात्र आईने याक पाहिला असेल का, ते विचारत होती.

फोन आला तो त्यानंतरच्या दुपारी. "मी बोलतेय. आम्ही परत फिरलो." ऑफिसच्या जिन्यात मी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

पुढचं तिने घरी आल्यावर सांगितलं. खिंडीखाली मुक्काम होता, आणि रात्रभर आभाळात ढग होते. बर्फ गोठलाच नाही. पहाटे पहिल्याच पावलाला पाय गुडघ्यापर्यंत रुतला. ती म्होरक्याला म्हणाली, "दादा, आज नको." तो म्हणाला, "मला पुन्हा यायला मिळणार नाहीये. चल." ती बर्फात बसली. तिला एकटीला सोडून कुणाला पुढे जाता येईना. तासाभराच्या भांडणानंतर सगळे मागे वळले. रुतत्या बर्फातून परतायला जास्त दिवस लागले, आणि ते पायथ्याशी पोचेपर्यंत तिथल्या फोनच्या तारा तुटल्या होत्या, म्हणून फोन लांबला.

बातमीतला कडा कोसळला होता तो दुसऱ्याच खोऱ्यात. त्यांचा उतार त्या दिवशी जागचा हलला नाही. उतरताना दादा पुन्हा पुन्हा थांबून मागे पाहत होता, ती सांगत होती. पांढरा, शांत, उन्हात चमकणारा उतार. खाली पोचल्यावर तो इतकंच बोलला, "बघ, उभाच आहे." पुढे त्याने तिच्या पत्रांना उत्तर दिलं नाही, ती पुण्यात गेल्यावर दारही उघडलं नाही.

"तू चुकलीस असं वाटतं का कधी?" मी एकदा विचारलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण पुन्हा तीच पहाट आली, तर मी पुन्हा बसेन."

जे घडलंच नाही, त्याचा पुरावा कुठून आणायचा? तो उतार दुपारी सुटला असता, तर ती शहाणी ठरली असती. सुटला नाही, म्हणून एका माणसाची शेवटची खिंड हिरावणारी ठरली. ती परतली त्या दिवशी चांगी विमानतळावर मी तिला घ्यायला गेलो, तेव्हा हिमावरच्या उन्हाने तिचा चेहरा रापून काळवंडला होता; डोळ्यांभोवती तेवढी गॉगलची फिकट वर्तुळं. लेक त्यांवरून बोट फिरवत राहिली. काही आठवड्यांत इथल्या दमट हवेत तो रंग उतरला, चेहरा पूर्वीसारखा एकसारखा झाला. आता ती दर दिवाळीला पुण्याला दादाकडे एक फोन लावते. घंटा पुरती वाजू देते आणि मग सावकाश रिसीव्हर ठेवते.