पाठीमागे बांधलेले हात
टाळेबंदी लागली त्या आठवड्यात, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, मी शेजारच्या भाऊंचे सगळे म्युच्युअल फंड विकले. फोन त्यांचा होता, बोट माझं. सॅनिटायझरचा वास आला की ती सकाळ आठवते, कारण वहिनींनी फोन आधी त्यानेच पुसून टेबलावर ठेवला होता. भाऊ वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. अलार्म वाजला की आधी हात पाठीमागे घ्यायचे, काय बिघडलं ते वाचायचं, मगच पॅनलच्या बटणाला हात लावायचा, ही तिथली शिस्त त्यांनी गुंतवणुकीलाही लावली होती. सावली गावात पाहून ठेवलेल्या प्लॉटचे आणि घराचे पैसे त्या फंडांत होते. बाजार रोज कोसळत होता आणि ते हात पाठीमागे बांधून फोनसमोर उभे होते. "काऊन उभे राह्यले? काल बी पडलं, आज बी पडून राह्यलं. हे का तुमचं पॅनल आहे?" वहिनी म्हणाल्या. "मी हात लावनार नाई," भाऊ म्हणाले. खिडकीतून केंद्राची घरघर येत होती. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी पिन सांगितला. "तू दाब." "भाऊ, दोन दिवस थांबा ना," मी म्हणालो. "मी थांबूनच आहो. तू दाब." मी दाबलं. दिवाळीपर्यंत बाजार पूर्वीच्या पातळीवर आला. पुढच्या वर्षी त्यांनी क्वार्टर सोडलं. प्लॉट दुसऱ्याने घेतला. ते चंद्रपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात; मी अजून तिथे गेलेलो नाही.