एका दमात म्हणायची ओळ

आक्काचा फोन आला तेव्हा मी नेवासा रोडवरच्या गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो. पट्ट्याच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून मी "मोठ्यानं बोल" असं ओरडलो, आणि बिचारीला पुन्हा सांगावं लागलं... "तुझं दाजी गेलं रं." ती नगरच्या दवाखान्यातून बोलत होती. मी डबा तिथंच टाकून निघालो. ते पीठ नंतर कुणीतरी घरी आणून दिलं, आम्ही त्याच्या भाकरी केल्या आणि खाल्ल्या. माणूस गेल्यावरही भूक लागते याचा मला राग येतो, पण आता महिना-दीड महिन्यानंतर रागवायलाही त्राण उरलेलं नाही.

शमुवेल साळवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांची नोकरी झाली, पण लोक त्यांना ओळखायचे ते चर्चच्या भजनी मंडळातला गळा म्हणून. पेटीवर दाजी, तबल्यावर मी, मागून ओळ उचलून झील धरायला त्यांचा धाकटा भाऊ याकोब, आक्का आणि बाकीची मंडळी. आमच्याकडं एक जुनं भजन आहे. त्याची दुसरी ओळ इतकी लांब की चांगले चांगले मध्ये श्वास चोरतात. दाजी ती एका दमात म्हणायचे आणि संपली की माझ्याकडं बघून भुवया उडवायचे. देवाच्या घरात एवढा तोरा बरा का, असं पाळकसाहेबांनी एकदा गमतीनं विचारलं, तर म्हणाले, "सायेब, दम त्यानंच दिलाय. मी नुसता वापरतो."

हा दम आखडायला लागला तो गेल्या नाताळच्या सरावात. त्या ओळीत दाजी अर्ध्यावर अडकले, क्षणभरच. याकोबनं झील उचलली, मी लय जरा सैल सोडली, ओळ पुढं गेली. आमच्या मंडळाची रीतच आहे, गाणाऱ्याला उघडं पडू द्यायचं नाही. पुढच्या वेळी ते तिथंच अडकले, आम्ही तिथंच सावरून घेतलं. मग हळूहळू आम्ही सगळेच त्या जागी थांबून श्वास घ्यायला लागलो. ऐकणाऱ्याला वाटावं, चालच अशी आहे. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी तर दाजींनाही कळेना, आपण अडकतोय की चाल बदललीय. इतकं बेमालूम झाकलं आम्ही.

पण जिन्यावर कोण सावरून घेणार? जिना चढताना ते मध्येच बसायचे, चेहरा पांढुरका पडायचा. कारखान्यातली उसाच्या भुशाची धूळ छातीत बसली असणार, असं आक्का म्हणाली आणि ते सगळ्यांना पटलं. छातीचा फोटो काढला, स्वच्छ निघाला. ईसीजी काढला, तोही ठीक. रक्त कमी भरलं, तेव्हा लोहाच्या गोळ्या आल्या, खजूर आला, बीट आलं. रक्त थोडं वाढलं की आम्ही निर्धास्त, गोळ्या थांबल्या की ते पुन्हा खाली. शौचाला काळं होतंय असं ते एकदा म्हणाले होते. गोळ्यांनी होतं तसं, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि तसं होतंही. पोटाचं कुणी विचारलंच तर दाजींचं उत्तर ठरलेलं, "पोटाची आपली काय बी तक्रार न्हाई. दगड खाल्ला तरी पचंल."

अखेर नगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी छातीचे सगळे कागद बाजूला सारले. "यांना दम लागतो तो अंगात रक्त नाही म्हणून. या वयाच्या पुरुषाचं रक्त असं सारखं उतरतंय, तर ते जातंय कुठं हे आधी बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. दुर्बिणीनं मोठं आतडं तपासलं. उजव्या बाजूला गाठ होती. तिकडची गाठ पुष्कळदा दुखत नाही, शौच अडवत नाही, डोळ्यांना दिसणार नाही इतकं रक्त मात्र रोज झिरपत राहतं. आम्ही पोचेपर्यंत ती यकृतात पसरली होती.  दाजी हसल्यासारखं करून मला म्हणाले, "रोग पोटात, अन् मी लोकास्नी छाती दावीत फिरलो."

सख्ख्या भावानंही तपासून घ्यावं, असं त्या बाईंनी बजावलं होतं. दाजी शेवटपर्यंत याकोबच्या मागं लागले. तो म्हणायचा, "दादा, मला काय बी होत न्हाई." अगदी दाजींचीच भाषा.

दाजींना माती दिल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आम्ही सरावाला बसलो. पेटीवर आता याकोब होता. ती ओळ आली आणि तो त्या जागी थांबला. सगळेच थांबले. माझा हात तबल्यावरच राहिला.

"तुला दम लागला का?" मी विचारलं.

"न्हाई रं. दादा थांबायचा म्हनून थांबलो."

खरंही असेल. पण मला कळायचं कसं? मी एकदम भडकलो, सगळेच तिथं श्वास घेणार असाल तर कोण आजारी आणि कोण धडधाकट हे कुणाला समजणार, असं काहीतरी ओरडलो आणि माझंच मला रडू आलं.  दाजींचं आमच्या गाण्यात उरलं होतं ते एवढंच, ती थांबायची जागा. ती कोण काढून टाकणार...

आक्काच बोलली. "काडा ती जागा. एका दमात म्हना. ज्याला जमनार न्हाई, त्यानं रक्त तपासून यायचं." मग याकोबकडं वळली. "अन् भावजी, तुमी तर असं बी जायाचं. मी येते संगं."

तो गेला. त्याच्या आतड्यात लहानसा कोंब सापडला, पुढं ज्याची गाठ झाली असती, तो दुर्बिणीतूनच काढून टाकला. वेळेवर आलात, असं बाई म्हणाल्या.

गेल्या रविवारी उपासनेत आम्ही ते भजन घेतलं. मी लय सैल सोडली नाही. ओळ सलग गेली, याकोबची आणि सगळ्यांचीच. फक्त बायकांच्या बाजूचा एक आवाज त्या जागी थांबला. तो आक्काचा होता. मी घाबरून तिच्याकडं बघितलं. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. दम लागला नव्हता.