डॉक्टरांची लाल गाडी आणि दाऊदचाचांची जीभ

गॅरेजात किस्से साचतात, त्याचं कारण सोपं आहे. गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईकाला दुसरं काही करता येत नाही. मग तो बसतो. बसला की बोलतो. बोलायला लागला की मी ऐकतो, आणि मी ऐकलं की किश्श्याची लांबी थोडी वाढते! पनवेलला उरण नाक्यावर दाऊदचाचांच्या गॅरेजात मी बारा वर्षं बॅटऱ्या चार्ज केल्या. मुंबई-पुण्याची झाडून सगळी वाहतूक आमच्या दारावरून. तेव्हा कच्च्या मालाची टंचाई कधीच नव्हती.

•

दाऊदचाचा लढाईच्या काळात मिलिटरीच्या ट्रकांचं वायरिंग करायचे. तिथे मीटर साहेबाच्या खिशात असायचा, म्हणून हे जिभेवर शिकले. एक हात गाडीच्या लोखंडावर, वायरचं टोक जिभेला, डोळे मिटलेले. "सहा व्होल्टची बॅटरी चिंचेसारखी लागते, बाराची लवंगी मिरचीसारखी," असं ते सांगायचे.

एकदा उरणचा एक लॉरीवाला बॅटरी घेऊन आला. म्हणे, अगदी नवी कोरी!

चाचांनी चव घेतली. "दोन पावसाळे झालेत. आणि आत विहिरीचं पाणी घातलंय."

लॉरीवाला चिडला. "कुठल्या विहिरीचं, तेपण सांगून टाका!"

चाचांनी पुन्हा जीभ लावली. "तुझ्याच. खारी आहे."

लॉरीवाला मुकाट्यानं बॅटरी ठेवून गेला. आता हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे शंका घेऊ नये!

•

आमच्या गावच्या डॉक्टरांकडे एक विलायती स्पोर्ट्स कार होती. लाल, दोन सीटची, लढाईच्या आधीची. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतलेली. तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसायचं. त्या गाडीतून डॉक्टर खेडोपाडी व्हिजिटला जात.

पण गाडी मधेच मरायची! इंजिन बंद, हॉर्न बंद, सगळंच बंद. मग शेजारी बसलेल्यानं उतरून धक्का मारायचा की लगेच सुरू.

एकदा मिठागरावरच्या शेवंताबाईंना ताप भरला, म्हणून डॉक्टर त्यांना दवाखान्यात आणत होते. वाटेत गाडी तीनदा मेली. तिन्ही वेळा शेवंताबाईंनी उतरून ढकलली. चौथ्यांदा त्या रस्त्यातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"डाक्टर, आजारी कोन हाय? मी का तुमची गारी?"

दवाखान्यात पोचेपर्यंत घामानं त्यांचा ताप उतरला होता. डॉक्टरांनी त्याचं श्रेय घेतलं नाही, एवढं मान्य करायला हवं.

•

शेवटी डॉक्टरांनी मुंबईच्या एका कंपनीचा इंजिनियर बोलावला. टाय लावलेला, शेलाटा, वजन कोटासकट पंचेचाळीस किलो. त्यानं एकट्यानं गाडी तीनदा नाक्यापर्यंत फिरवली. एकदाही बंद पडली नाही. तरी निकाल दिलाच: "सगळं वायरिंग सडलंय. विलायतेहून नवीन मागवा, नाहीतर भंगारात घाला."

चाचा म्हणाले, "साहेब, मी एकदा बघू?"

साहेबांनी वर न बघताच उत्तर दिलं, "ए मिस्त्री, तू पंक्चर काढ. वायरिंग शिकलेल्याचं काम आहे."

नाक्यावरचे पंचवीस लोक ऐकत होते. चाचांनी हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टरसाब, ईदपर्यंत गाडी माझ्याकडे. बिघाड सापडला नाही, तर हा दाऊद पुन्हा वायरला हात लावणार नाही. मरेपर्यंत पंक्चर काढेन!"

मी कोपरानं ढोसलं, "चाचा, जरा सांभाळून."

"काय सांभाळून? वीज काय त्याच्या टायमधून वाहते?"

•

आणि मग अडचण आली. दुसऱ्याच दिवशी रमजान लागला. चाचा सगळे रोजे धरणारे. तोंडात थेंब नाही, मग वायर कशी चाखायची? गेलो मौलवीसाहेबांकडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दाऊदमियाँ, त्यात गिळण्यासारखं काही असतं?"

"काहीच नाही."

"चव लागते?"

"तीच तर घ्यायची असते!"

मौलवीसाहेबांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. म्हणाले, "असं कोणी विचारलंच नव्हतं आजवर. महिनाभर दुसऱ्याची जीभ वापरा."

चाचा सावकाश माझ्याकडे वळले. रमजानभर मी पनवेलमधल्या झाडून सगळ्या गाड्या चाखल्या! चाचा माझं तोंड बघून व्होल्ट सांगायचे. वाकडं झालं तर बारा, नुसतं आंबट झालं तर सहा. जेवणाला मात्र काही चव उरली नव्हती.

•

लाल गाडी काही दाद देईना. ईद चार दिवसांवर आली. नाक्यावरची टवाळ पोरं पंक्चरचे डबे आणून दाखवायला लागली.

त्या दुपारी मी डाव्या सीटवर बसलो होतो. तेव्हा माझं वजन नव्वदच्या पुढे, आजही त्याला तडा गेलेला नाही. चाचांनी डॅशबोर्डमागची वायर सोडवून माझ्या हातात दिली. मी जिभेला लावली. काहीच नाही.

"चाचा, मेलीय."

म्हणत मी उठलो, आणि वायर ओठाला लागली. फाट्! डोळ्यांपुढे काजवे!

"मेलेली चावते कशी? खाली बस."

बसलो. मेलेली.

"ऊठ."

फाट्!

"बस. ऊठ. बस. ऊठ."

भर नाक्यावर नव्वद किलोच्या माणसानं जीभ बाहेर काढून सतरा उठाबशा काढल्या! मग चाचांनी सीट उचकटली. बॅटरीची वायर सीटखालून जात होती आणि आतल्या आत तुटलेली होती. वर माझ्यासारखं वजन आलं की लगेच, हलकं असलं तर पुढच्या खड्ड्याला टोकं सुटायची, माणूस उतरला की पुन्हा भिडायची. धक्का मारायला उतरत होते ना सगळे, त्या उतरण्यानंच गाडी सुरू होत होती!

हातभर नवी वायर, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. काम खलास. सीट परत जागच्या जागी.

•

डॉक्टरांनी मुंबईला कळवलं. ईदच्या आदल्या दिवशी इंजिनियरसाहेब हजर! शेजारी मला बसवून त्यांनी गाडी शिरढोणपर्यंत पळवून आणली. एकदाही बंद पडली नाही.

"काय केलंस, मिस्त्री? मला रिपोर्ट द्यायचा आहे."

"शिकलेल्याचं काम आहे, साहेब. शोधा."

साहेबांनी बॉनेट उघडलं. दोन तास गेले. टाय सुटला. कोट मी धरला. मग साहेब आमच्या गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. बाहेर फक्त पॉलिश केलेले बूट.

सूर्य बुडाला. अजान झाली. चाचांनी रोजा सोडला, आणि एका हातात दिवा, दुसऱ्यात दोन खजूर घेऊन बुटांपाशी उकिडवे बसले.

"साहेब, खजूर घ्या. सापडलं का?"

ग्रीसनं माखलेला एक हात बाहेर आला, खजूर घेऊन परत आत गेला. थोडा वेळ नुसतं चावणं ऐकू आलं. मग गाडीखालून आवाज आला,

"चाचा, दिवा जरा इकडे धरता?"